पी.पी.

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



स्मरणिका समितीने चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक काम सोपविले. शाळेच्या जुन्या नोंदवह्यांतून माजी विद्यार्थ्यांची नावे व पत्ते उतरवून काढायचे आणि ज्यांचा माग लागेल त्यांना आजच्या समारंभाचे निमंत्रण धाडायचे. निवृत्त माणसाला वेळ असतो असा सर्वांचाच समज असतो आणि तो बहुतांशी खराही आहे. मी कार्यालयातील लोखंडी कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. वाळवीने सोडलेल्या आणि वाळवीने न सोडलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या वह्या त्यात होत्या.

1972-73 च्या वहीत शेवटच्या रकान्याचा मथळा ‘दूरध्वनी’ असा आहे. बहुतेक नावांपुढे आडवी रेघ ओढलेली. जेथे रेघ नाही तेथे क्रमांक, आणि क्रमांकापुढे कंसात ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे. मी क्रमांक उतरवीत गेलो आणि पाचव्या-सहाव्या नावाशी माझा हात थांबला. क्रमांक तोच होता. आणखी खाली गेलो, तोच. दुसऱ्या तुकडीत, तोच. सातवी, आठवी, नववी मिळून सतरा मुलांच्या पालकांचा दूरध्वनी क्रमांक एकच होता. त्या सतरांतला एक मी. शिक्षकांच्या वहीतही एका नावापुढे तोच क्रमांक आढळला. मात्र तो नंतर कोणीतरी निळ्या शाईने, दोन रेघा मारून खोडला होता.

आज मला त्या खोडलेल्या क्रमांकाविषयी बोलायचे आहे. आयुष्य, मूल्ये, नातेसंबंध यांवर आपण काही मार्गदर्शन करावे, असे निमंत्रणपत्रात म्हटले होते. मार्गदर्शन करण्याचा माझा अधिकार नाही. माझ्याजवळ एकच गोष्ट आहे आणि तिच्यात मी चुकलेलो आहे. ज्यांच्याविषयी ती आहे ती तिन्ही माणसे आता या जगात नाहीत, म्हणून ती सांगण्याचे धैर्य करतो.

समोर बसलेल्या तरुण पालकांसाठी आधी ‘पी.पी.’चा उलगडा केला पाहिजे. त्या काळी दूरध्वनीसाठी अर्ज केला की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साध्या कॉलला कधी कधी अर्धा दिवस लागे, अर्जंटला दुप्पट पैसे पडत आणि लाइटनिंग कॉल नोंदविण्याची हिंमत मोठे व्यापारीच करीत. तीन मिनिटे झाली की ऑपरेटर मध्ये बोलत असे. ठरावीक व्यक्तीलाच बोलावून द्या, असे सांगून नोंदविलेल्या कॉलला ‘पर्टिक्युलर पर्सन’ म्हणजे पी.पी. कॉल म्हणत आणि त्याला जादा आकार पडे. पुढे शेजाऱ्याच्या घरच्या फोनलाच लोक पी.पी. म्हणू लागले. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर, माणसे शेजाऱ्याचा क्रमांक स्वतःचा म्हणून निःशंकपणे छापीत. मुलगी पाहायला येणारे पाहुणे त्याच क्रमांकावर होकार कळवीत आणि नकारही.

आमची पोळ सूरसागराकडून मांडवीकडे जाताना डावीकडे लागते. पुण्याचे आमचे आप्त या ‘पोळ’ शब्दावर फार हसत. तुम्ही पोळीत राहता की पोळी खाता, हा विनोद प्रत्येक सुट्टीत किमान एकदा होई. पोळीत निम्मी घरे गायकवाडी काळापासूनच्या मराठी माणसांची आणि निम्मी गुजराती. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा बडोद्याची मराठी कुटुंबे इकडे राहणार की तिकडे जाणार याची बरीच चर्चा झाली म्हणतात. आमच्या पोळीतून कोणी गेले नाही. तीन वर्षांनी ही शाळा सुरू झाली. शाळा माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान आहे.

तर त्या पोळीत दूरध्वनी एकच होता. तो ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ कापडाची दलाली करीत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला मासी. फोन दिवाणखान्यात, खिडकीपाशी, काळा, जड, वर मासींनी विणलेले झाकण. त्या काळी डायलला बारीक कुलूप लावण्याची पद्धत होती, शेजाऱ्यांनी परस्पर फोन करू नये म्हणून. काकांच्या फोनलाही कुलूप होते, पण त्याची किल्ली कायम कुलपातच असे. बाजूला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. स्वतः फोन करणाऱ्याने आपल्या मनाला पटेल ते त्यात टाकावे. आलेल्या फोनचे पैसे नसत. आणि फोन तर दिवसभर येत असत, सतरा घरांचे.

काकांची एक वही होती. आलेला प्रत्येक निरोप ते तीत लिहीत: वेळ, कोणासाठी, काय, आणि शेवटी बरोबरची खूण. ती खूण निरोप घेतल्याची नसे, पोहोचल्याची असे. साधे निरोप आम्हा मुलांच्या हाती जात. बहीण मंगळवारी येते, मनिऑर्डर केली आहे, मुलगा पास झाला, असले निरोप पोहोचविण्यासाठी आमच्यात चढाओढ लागे, कारण पलीकडून गूळ-शेंगदाणे तरी मिळत. परंतु वाईट निरोप काका मुलांच्या हाती कधीही देत नसत. मासींनाही ते सांगू देत नसत. ते स्वतः जात, आणि जाण्याआधी त्यांची एक तयारी असे. मी ती अनेकदा पाहिली आहे. त्या वयात तिचा अर्थ मात्र मला कळला नव्हता.

प्रथम ते डोक्यावर काळी टोपी घालीत. मग भिंतीवर खिळ्याला लटकवलेले रेल्वेचे वेळापत्रक काढून गावाकडे जाणारी पुढची गाडी किती वाजता आहे ते पाहत. नंतर कपाटातून काही नोटा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवीत. एवढे झाल्यावर पायऱ्या उतरत. ज्या घरी जायचे तेथे घरातला कर्ता माणूस जेवायला बसलेला असेल आणि गाडीला अवकाश असेल, तर ओट्यावर बसून राहत. हात धुऊन माणूस बाहेर आला की त्याला बाजूला घेत. काय बोलत ते आम्हाला ऐकू येत नसे, पण थोड्याच वेळात रिक्षा येई आणि काका त्या माणसाबरोबर स्टेशनापर्यंत जात. बातमी ऐकल्यावर माणसाला जे सुचत नाही ते सगळे, गाडी, पैसे, सोबत, त्यांनी बातमी सांगण्याआधीच सुचवून ठेवलेले असे. अशा किती जणांना त्यांनी गाडीत बसवून दिले असेल, याची नोंद त्यांच्या वहीत नव्हती. नोटांचीही नव्हती.

आता बाईंविषयी. त्या आम्हाला मराठी शिकवीत. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, नोकरीसाठी बडोद्याला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आमच्या पोळीच्या टोकाला, पिंपळापलीकडे, वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. गावी आई आणि थोरला भाऊ. बाईंचा पी.पी. क्रमांक अर्थातच काकांचा. रविवारी दुपारी त्या मासींकडे येत, मासी त्यांना ढोकळा शिकवीत आणि बाई मासींना मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवीत. दोघींची चांगली गट्टी होती.

13 जानेवारी 1973 हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी उत्तरायण. बडोद्याच्या लोकांना या दिवसाबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही. घरी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी होती, सकाळची शाळा साडेअकराला सुटली होती आणि माझ्या डोक्यात मांज्याखेरीज काही नव्हते. रस्त्याच्या कडेला खांबांना दोरा ताणून त्यावर काचेची पूड घातलेला गुलाबी लगदा चढविणारे कारागीर त्या दिवशी रात्रीपर्यंत हात थांबवीत नसत, आणि ज्याचा नंबर जाई त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागे. मी फिरकी काखेत घेऊन काकांच्या घरावरून पळत निघालो होतो. मासींनी खिडकीतून हाक मारली. काका बाजारात गेले होते. मासींच्या हातात अजून फोन होता, तो त्यांनी माझ्यासमोरच खाली ठेवला.

“दीकरा, बाईने कहेजे, गामथी फोन हतो. बा बीमार छे. तरत नीकळी जाय.”

आई आजारी आहे, ताबडतोब निघा. मासींनी ते मला दोनदा म्हणून दाखवायला लावले. त्यांचे गुडघे दुखत, जिने चढवत नसत, काका केव्हा परततील हे ठाऊक नव्हते आणि मी समोर उभा होतो. त्यांनी काकांचा नियम मोडला तो अशा रीतीने.

मी विसरलो, असे आजवर स्वतःला सांगत आलो आहे. ते पूर्ण खरे नाही. पहिला अर्धा तास मी विसरलो नव्हतो. बाईंचे घर एका टोकाला आणि मांजेवाला दुसऱ्या टोकाला. आधी नंबर लावू, मग धावत जाऊन सांगून येऊ, असा माझा विचार होता. नंबर लागला, तो अकरावा होता. आता गेलो तर नंबर जाईल, म्हणून थांबलो. त्यानंतर केव्हातरी मी विसरलो.

संध्याकाळी आठच्या सुमारास मी गच्चीवर पतंगांना कन्न्या बांधीत बसलो होतो. जिन्यावर पावले वाजली. काका वर आले होते. त्यांनी घरी येताच वही पाहिली होती, मासींना विचारले होते, आणि मासींनी पोरगा गेला आहे असे सांगितल्यावरही, खूण करण्याआधी माझ्याकडे विचारायला आले होते. “पहोंची गयो संदेशो?” असे त्यांनी विचारले. मी काहीच बोललो नाही. त्यांना तेवढे पुरे झाले. ते रागावले नाहीत, आवाजही चढला नाही. फक्त म्हणाले, “फोन आपणो नथी होतो, दीकरा. जेनो होय एने पहोंचाडवानो.” फोन आपला नसतो; ज्याचा असेल त्याला तो पोहोचवायचा असतो. आणि ते उतरून गेले.

गच्चीच्या कठड्यावरून मला रस्ता दिसत होता. टोपी घातलेले काका पिंपळाकडे भराभर चालत गेले. थोड्या वेळाने रिक्षा आली. बाई हातात लहानशी पिशवी घेऊन उतरल्या, काका त्यांच्याबरोबर बसले आणि रिक्षा वळून दिसेनाशी झाली. आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक तुक्कल सोडीत होते, कागदी कंदिलांच्या रांगा आकाशात चढत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पतंग उडविले. उडविले नाहीत असे सांगणे येथे शोभून दिसले असते, पण उडविले.

बाई सुमारे तीन आठवड्यांनी शाळेत परतल्या. त्यांच्या आई गेल्या होत्या. पहिल्या तासाला मी मान वर केली नाही. बाईंनी हजेरी घेतली, माझे नाव घेतले, मी ‘हजर’ म्हटले आणि धडा सुरू झाला. पुढे काही दिवसांनी त्यांनी मला जवळ बोलावून कार्यालयात द्यायची एक चिठ्ठी दिली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत वर्गातून मुख्याध्यापकांकडे, शिक्षक-खोलीकडे, दुसऱ्या तुकडीकडे जाणारी प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक निरोप त्या माझ्याच हाती देत. मी समजलो की बाईंनी मला क्षमा केली आहे, आणि नुसती क्षमा नव्हे, तर पुन्हा विश्वास टाकून त्या मला सुधारीत आहेत. वर्गात मी त्यांच्याकडे ज्या भक्तिभावाने पाहत असे तो सहाध्यायांच्या चेष्टेचा विषय झाला होता. त्यांच्यातले काही आज समोर बसले आहेत आणि हसत आहेत.

एक गोष्ट त्या काळात घडली, जिच्याकडे मी लक्ष दिले नाही. बाईंचे रविवारी मासींकडे येणे बंद झाले. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला मासी त्यांच्याकडे गेल्या नाहीत, की त्यांनी बोलावले नाही, कोण जाणे. जूनमध्ये बाईंनी खोली बदलली आणि त्या दांडिया बाजारात राहायला गेल्या. शाळा तेथून जवळ पडते, असे कारण सांगितले गेले. ते खरेही होते.

मी 1981 साली टपाल व तार खात्यात दूरध्वनी ऑपरेटर म्हणून लागलो. त्या प्रसंगाचे प्रायश्चित्त म्हणून लागलो, असे कोणाला वाटेल, तसे नाही. वर्तमानपत्रात जाहिरात आली आणि वडिलांनी अर्ज भरायला लावला. खाते 1985 मध्ये दुभंगले, टपाल वेगळे आणि दूरसंचार वेगळे झाले, पण मी ट्रंक बोर्डावरच राहिलो. रात्रपाळीला कानावर हेडफोन, समोर दिव्यांच्या रांगा, हातात कॉर्डची टोके. लोकांचे बोलणे ऐकायचे नाही असा नियम. तरीही जोडणी नीट झाली की नाही हे पाहताना पहिली चार वाक्ये कानावर पडतातच. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ ही शब्दावली तारेतून फोनवर आली होती. फोनवर सीरियस म्हणतात तेव्हा माणूस पुष्कळदा गेलेला असतो, हे आम्हा ऑपरेटरांना पहिल्या महिन्यातच समजे. मला ते समजले त्या रात्री मी उठून पाणी प्यालो आणि पुन्हा जागेवर येऊन बसलो.

शेजाऱ्याच्या घरून बोलणाऱ्या माणसाला दुःख मोकळेपणी करता येत नाही, हेही तेथेच कळले. दुसऱ्याच्या दिवाणखान्यात उभा राहून तो ‘बरं’, ‘हो’, ‘निघतो’ एवढेच म्हणू शकतो. मात्र फोन ठेवल्यावर तो एकटा नसे, हेही तितकेच खरे. आज बातमी थेट ज्याची त्याच्या खिशात येते, मग तो बसमध्ये उभा असो की रांगेत. मोबाइलची निंदा मी करणार नाही. ज्याने जन्मभर जोडण्या करून देऊन पगार घेतला त्याच्या तोंडी ती शोभणार नाही, आणि त्या दुपारी बाईंच्या खिशात फोन असता तर मला आज हे भाषण करावे लागले नसते.

पुढे घरोघर फोन आले, चौकाचौकात एस.टी.डी.ची पिवळी दुकाने झाली आणि आमच्या बोर्डावरचे दिवे कमी कमी लागू लागले. काका 1990 मध्ये वारले. अखेरपर्यंत त्यांच्या घरी फोन येत. विचारणारा दुसऱ्याच कोणाला तरी विचारीत असे. बाई त्याआधीच निवृत्त होऊन पुण्याला पुतण्याकडे राहायला गेल्या होत्या. शाळेतल्या एका शिक्षिकांकडून मला त्यांचा क्रमांक मिळाला, तो वर्षभर माझ्या खिशातल्या डायरीत तसाच होता. अखेर 1994 साली, भोगीच्या संध्याकाळी, मी त्यांना फोन केला.

बाईंनी आवाजावरून नव्हे, पण नावावरून मला लगेच ओळखले. तब्येतीची चौकशी झाली, शाळेची झाली. मग मी म्हटले, “बाई, त्या वर्षी निरोप मी पोहोचवला नव्हता. तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्ही मला माफ केलंत, हे मी जन्मभर विसरलो नाही.”

पलीकडे शांतता. ऑपरेटरच्या सवयीने मला आधी वाटले की लाइन गेली.

“कुठला निरोप?” बाईंनी विचारले.

मी सगळे सांगितले. खिडकी, मासी, फिरकी, अकरावा नंबर.

“पण काका तर मला म्हणाले होते,” बाई सावकाश म्हणाल्या, “की फोन दुपारीच आला होता आणि सणाच्या गडबडीत सांगायचं त्यांच्याकडूनच राहून गेलं. रिक्षात बसल्यावर हात जोडून म्हणाले. तुझं नावसुद्धा घेतलं नाही रे त्यांनी.”

ज्या क्षमेच्या आधारावर मी लहानाचा मोठा झालो ती कोणी केलीच नव्हती, कारण बाईंना माझा अपराधच ठाऊक नव्हता. मी विचारले, मग वर्षभर सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच हाती का देत होतात? बाई म्हणाल्या, “अरे, तू दाराशी बसायचास. आणि पळायचास फार छान.”

यानंतर मी जो प्रश्न विचारला तो विचारण्यासाठीच खरे तर फोन केला होता. ऑपरेटर झाल्यावर मी जुने वेळापत्रक पाहून पुष्कळदा हिशेब केला होता. दुपारच्या गाडीने मुंबई, रात्रीच्या गाडीने पुणे, पहाटेची एस.टी. असे केले तर सकाळी आठपर्यंत गाव. रात्रीची गाडी धरली तर दुसऱ्या दिवशीची दुपार उलटून जाते. मी बाईंना विचारले की वेळेवर निघाला असतात तर काही फरक पडला असता का?

“आई शनिवारी सकाळीच गेली होती,” बाई म्हणाल्या. “भावानं रविवारी नऊपर्यंत माझी वाट पाहिली. थंडीचे दिवस होते म्हणून तेवढं तरी थांबता आलं. मी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. दुपारची गाडी मिळाली असती तर आईचं तोंड दिसलं असतं. तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही.”

मी काही बोलू शकलो नाही. बाईही काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, “तुझं राहू दे. बारा वर्षांचं पोर होतास तू. मी एकवीस वर्षं भलत्याच माणसांवर राग धरला, त्याचं काय करू? मासी जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या होत्या एकदा, मी घरात नाही असं सांगायला लावलं मी घरमालकिणीला.” आणि थोड्या वेळाने, “काका आहेत ना रे?”

“नाही, बाई. चार वर्षं झाली.”

“मासी?”

“मासी आहेत. तिथेच आहेत, त्याच घरी.”

“मग त्यांना माझा निरोप सांग,” बाई म्हणाल्या. लगेच त्यांनी शब्द बदलले. “नको. निरोप नको. फोन लावून दे.”

मी फोन ठेवला आणि चालत पोळीत गेलो. वाटेत तेच सगळे चालू होते, तोच गुलाबी लगदा, त्याच रांगा, फिरक्या घेऊन पळणारी पोरे. मासी खिडकीपाशी तीळ निवडीत बसल्या होत्या. जिना चढणे-उतरणे त्यांनी केव्हाच सोडले होते. मी जमिनीवर बसलो आणि त्यांनाही सगळे सांगितले, म्हणजे बाईंना काय वाटत आले होते ते. बाकीचे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. मी विचारले, मासी, काकांनी असे का केले? तुम्ही तरी बाईंना खरे का सांगितले नाही? मासींनी ताटातले खडे वेचणे थांबविले नाही. त्यांच्या गुजराती-मराठीत त्या म्हणाल्या की त्या रात्री मीही हेच विचारले होते. काकांचे म्हणणे असे पडले की मुलाला अजून किती वर्षे त्या बाईंसमोर बसून शिकायचे आहे. बाई माझ्यावर रागावल्या तर मला एवढेसे होईल, त्याच्यावर रागावल्या तर त्याची शाळा जाईल. आणि नियम तर आपल्याच घरात मोडला ना, असेही ते म्हणाले होते. मासी म्हणाल्या, “मने बहु लाग्युं हतुं.” मला फार लागले होते. काकांवर त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या. बाईंची रविवारची सोबत त्यांना पुढे कधीच दुसरी मिळाली नाही.

मी फोनपाशी गेलो. काळे यंत्र जाऊन तेथे पांढरे, बटणांचे आले होते. विणलेले झाकण मात्र होते. पुण्याचा क्रमांक लावला. पलीकडे घंटा वाजताच बाईंनी उचलला, त्या जवळच बसून असाव्यात. मी रिसीव्हर मासींच्या हाती दिला आणि ऐकायचे नाही हा खात्याचा नियम पाळून बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आतून सुरुवातीला काहीच ऐकू आले नाही. मग मासींचा रडण्याचा आवाज आला, मग बराच वेळ दोघी एकदम बोलत असल्यासारखे वाटले आणि त्यानंतर मासी चक्क हसल्या. मी घड्याळ पाहिले. तेरा वर्षांच्या नोकरीमुळे किती पल्स पडले असतील याचा आकडा माझ्या डोक्यात आपोआप चालू होता. चाळीस मिनिटे झाली होती.

मी आत गेलो. बिस्किटांचा डबा अजून खिडकीतच होता, रंग उडालेला. मी खिशातून पैसे काढून त्याचे झाकण उघडू लागलो, तसा मासींनी रिसीव्हर कानाला धरूनच दुसऱ्या हाताने तो डबा उचलला आणि आपल्या पलीकडे, भिंतीशी, सरकवून ठेवला.